ब्रिटिश पॅराट्रूपरची युद्धसेवा आणि पदकं: कागदांवरून कशी शोधावीत, कशी पडताळावीत

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या ब्रिटिश पॅराट्रूपरची पदकं हाती आली की बहुतेक जण पदकांकडे बघून माणसाची कहाणी लावायला बसतात. इथेच गाडी चुकते. त्या युद्धातले तारे (‘स्टार’ नावाची मोहीम-पदकं), डिफेन्स मेडल आणि वॉर मेडल ब्रिटिश सैनिकांना नाव न कोरता दिले गेले. त्यामुळे सुटा फ्रान्स अँड जर्मनी स्टार नेदरलँड्समधल्या आर्नेमला उडी मारलेल्या सैनिकाचा आहे की फ्रान्समधल्या कॅलेच्या गोदामातल्या कारकुनाचा, हे पदक सांगू शकत नाही. आधी सेवेच्या तारखा जमवायच्या, त्यांवरून हक्काची पदकं काढायची आणि मग हातातली पदकं त्यांच्याशी ताडून बघायची. हा क्रम उलटा केला की चुका आत शिरतात आणि पुढे कुटुंबात त्याच सत्य म्हणून चालत राहतात.

क्रमांक आणि रेजिमेंट

सुरुवात सैनिकाच्या लष्करी क्रमांकापासून करावी. तो पे-बुकावर, ओळखबिल्ल्यावर, सुटकेच्या दाखल्यावर किंवा जुन्या पत्राच्या पत्त्यावर सापडतो. 1920 नंतर प्रत्येक रेजिमेंटला क्रमांकांचा एक पट्टा नेमून दिलेला होता आणि सैनिकाला मिळालेला क्रमांक बदली झाली तरी बदलत नसे. पॅराट्रूपर जवळजवळ सगळे इतर रेजिमेंटांतून स्वेच्छेने आलेले असल्याने क्रमांकावरून त्यांची मूळ रेजिमेंट कळते. जुलै 1942 पासून नवे भरती झालेले जवान आधी जनरल सर्व्हिस कोअरमध्ये जात. त्यांचे क्रमांक आठ आकडी आणि 142 च्या पुढे सुरू होणारे असतात, त्यामुळे तिथे मूळ रेजिमेंट शोधण्यात अर्थ नसतो. शिपाई म्हणून भरती होऊन पुढे अधिकारी झालेल्याला अधिकाऱ्यांच्या वेगळ्या मालिकेतला नवा क्रमांक मिळे. अशा माणसासाठी दोन्ही क्रमांकांनी शोध घ्यावा.

दुसरा अडसर नावाचा आहे. पॅराशूट रेजिमेंट 1 ऑगस्ट 1942 रोजी उभी राहिली, पण ती त्याच वर्षी फेब्रुवारीत स्थापन झालेल्या आर्मी एअर कोअरचा भाग होती. म्हणून कागदोपत्री ‘ए.ए.सी.’ असं दिसलं की हा वैमानिक दलातला असावा असं समजू नये. आज आर्मी एअर कोअर म्हणून ओळखलं जाणारं दल 1957 मधलं, निराळं आहे.

आणि प्रत्येक पॅराट्रूपर पॅराशूट रेजिमेंटचा नसे. रॉयल इंजिनियर्सच्या पॅराशूट स्क्वाड्रनमधले सॅपर, पॅराशूट फील्ड अँब्युलन्समधले वैद्यकीय दलाचे जवान, सिग्नलवाले हे सगळे उडी मारत, पण त्यांची नोंद आपापल्या मूळ दलातच राही. ‘पॅराशूट रेजिमेंट’ एवढाच शब्द धरून शोधलं तर ही माणसं हातून निसटतात.

छायाचित्र काय सांगतं

जुना फोटो असेल तर टोपीपेक्षा बाही नीट पाहावी. मरून बेरे आणि खांद्याखालचा पेगॅससचा (पंखांच्या घोड्याचा) शिक्का संपूर्ण एअरबोर्न म्हणजे हवाईमार्गे उतरणाऱ्या डिव्हिजनचा होता. ग्लायडरमधून (इंजिन नसलेल्या विमानातून) उतरणारे पायदळ आणि जीपचे चालकही तो लावत. उडीचं प्रशिक्षण पूर्ण केल्याची खूण म्हणजे उजव्या बाहीवरचे कापडी पंख, मध्ये उघडं पॅराशूट. ग्लायडर पायदळाचा बिल्ला वेगळा, त्यावर ग्लायडर असे. डाव्या छातीवर पंख असतील तर तो ग्लायडर पायलट. टोपीवर पंखांच्या पॅराशूटऐवजी पानांच्या वलयातला गरुड दिसला तर फोटो पॅराशूट रेजिमेंटचा स्वतःचा बिल्ला येण्याआधीचा, म्हणजे साधारण 1943 च्या मध्याआधीचा असण्याची शक्यता मोठी. हे पक्कं प्रमाण मात्र नाही, कारण नवा बिल्ला सगळ्यांना एका दिवसात मिळाला नाही.

पात्रतेच्या उड्या बहुतेकांनी मँचेस्टरजवळच्या रिंगवे इथल्या शाळेत, टॅटन पार्कच्या मैदानावर मारल्या. आधी बांधलेल्या बलूनमधून, मग विमानातून. पात्र सैनिकाला रोज दोन शिलिंग जादा भत्ता मिळे. हा भत्ता पे-बुकात नोंदलेला असतो. उडीचा दाखला हरवला असेल तर भत्ता कधी सुरू झाला यावरून पात्रतेची तारीख काढता येते.

सेवापत्रक मिळवणं

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची मूळ सेवापत्रकं ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडे होती. 2022 पासून ती टप्प्याटप्प्याने लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजकडे जात आहेत. आधी आर्काइव्हजच्या ऑनलाइन सूचीत नाव, क्रमांक आणि जन्मतारीख टाकून पाहावं. सापडलं तर अर्ज तिथेच करायचा. नाही सापडलं तर मंत्रालयाकडे. जन्माला 115 वर्षं झालेली नसतील तर नोंद बंद ठेवलेली असते, आणि ती उघडून घ्यायला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. अर्जात नावाची प्रत्येक ज्ञात वर्तनी, जन्मतारीख आणि क्रमांक द्यावा. नुसतं आडनाव आणि ‘पॅराशूट रेजिमेंट’ लिहिलेले अर्ज महिनोन्‌महिने अडकतात.

आलेल्या कागदांत सगळ्यात मोलाचा फॉर्म बी-103. त्याच्या शीर्षकात ‘कॅज्युअल्टी’ शब्द आहे म्हणून सैनिक जखमी झाला होता असा अर्थ काढू नये. लष्करी भाषेत बदली, बढती, रजा, इस्पितळ, जहाजावर चढणं-उतरणं, पकडलं जाणं, या सगळ्याच घटना ‘कॅज्युअल्टी’. नोंदी अगदी आखूड आणि संक्षिप्त. ‘टी.ओ.एस.’ म्हणजे तुकडीच्या पटावर घेतलं, ‘एस.ओ.एस.’ म्हणजे पटावरून कमी केलं. रणक्षेत्रांचीही लघुरूपं आहेत: ‘बी.एन.ए.एफ.’ म्हणजे ट्युनिशिया-अल्जीरियातली ब्रिटिश फौज, ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्व, ‘सी.एम.एफ.’ म्हणजे इटलीची बाजू, ‘बी.एल.ए.’ म्हणजे 1944-45 मध्ये वायव्य युरोपात लढणारी फौज. पदकांचा सगळा हिशेब या चार लघुरूपांभोवती फिरतो.

इथे एक गोष्ट सांभाळावी. बी-103 वर घटनेची तारीख आणि ती नोंदवल्याची तारीख वेगळ्या रकान्यांत असतात आणि त्यांत कधी कधी आठवड्यांचं अंतर पडतं. हिशेब घटनेच्या तारखेवरच करावा.

तारखांची पट्टी आणि पदकांचा हिशेब

कोऱ्या कागदावर डावीकडे तारखा आणि उजवीकडे ठिकाण लिहावं: भरती, प्रशिक्षण, परदेशी रवानगी, प्रत्येक रणक्षेत्रात पाऊल ठेवल्याचा दिवस, परत येणं, पकडलं जाणं, सुटका, निवृत्ती. मग एकेका पदकाची अट लावून पाहावी.

1939-45 स्टार: रणक्षेत्रात सहा महिने सेवा. पण हवाई तुकड्यांसाठी वेगळा नियम होता. पूर्ण सज्ज तुकडीत दोन महिने काढलेले असले आणि एखाद्या हवाई मोहिमेत भाग घेतलेला असला तरी हा तारा मिळे. छत्रीसैनिकाची लढाई बहुधा काही दिवसांची, त्यामुळे हा नियम माहीत नसेल तर हिशेब हमखास चुकतो. मृत्यू, जखम किंवा सेवेतल्या आजारामुळे कालावधी अर्धवट राहिला तरीही तारा लागू होतो.

आफ्रिका स्टार: 10 जून 1940 ते 12 मे 1943 या काळात उत्तर आफ्रिकेत एक दिवस पुरे. पहिल्या पॅराशूट ब्रिगेडच्या बटालियन नोव्हेंबर 1942 मध्ये बोन, सूक-एल-अर्बा आणि देपिएन इथे उतरल्या आणि पुढे तमेरापर्यंत लढल्या. त्यांना फितीवर ‘फर्स्ट आर्मी’ची पट्टी मिळते. 10 व्या बटालियनमधला सैनिक मात्र ‘एट्थ आर्मी’ची पट्टी लावून आला तर गोंधळू नये: ती बटालियन इजिप्तमधल्या कब्रित या तळावर रॉयल ससेक्स रेजिमेंटच्या स्वयंसेवकांतून उभी राहिली आणि त्यांतले बरेच जण 23 ऑक्टोबर 1942 नंतर अल अलामैनला लढलेले होते. 156 वी बटालियन तर दिल्लीत 151 वी म्हणून उभी राहिली आणि 1942 च्या अखेरीस इजिप्तला गेली. तिथे पोहोचलेल्यांना तारा मिळतो, पट्टी मिळेलच असं नाही. या पट्ट्यांपैकी एकच लावायची असते. आणि 12 मे 1943 नंतर आफ्रिकेत उतरलेल्या भरपाईच्या जवानाला हा ताराच नाही. सिसिलीला गेला म्हणजे आफ्रिका स्टारही असणारच, असं धरून चालणाऱ्यांची इथे फसगत होते.

इटली स्टार: 11 जून 1943 ते 8 मे 1945. जुलै 1943 मध्ये सिसिलीतल्या प्रिमोसोले पुलावर मारलेली उडी, सप्टेंबरमध्ये समुद्रमार्गे तारांतो, आणि दुसऱ्या स्वतंत्र पॅराशूट ब्रिगेडची इटलीतली लांब लढाई व ऑक्टोबर 1944 पासूनचं ग्रीस, हे सगळं यात येतं.

फ्रान्स अँड जर्मनी स्टार: 6 जून 1944 ते 8 मे 1945, एक दिवस पुरे. नॉर्मंडी, आर्नेम, आर्देन, 24 मार्च 1945 रोजी र्‍हाईनपलीकडची उडी. आर्नेमच्या वेळी पहिल्या एअरबोर्न डिव्हिजनची जड वाहनं आणि त्यांचे चालक समुद्रमार्गे आणि रस्त्याने मागून गेले होते. तारा त्यांनाही मिळाला, पण ते आर्नेमला उतरले असं त्यावरून म्हणता येत नाही. मे 1945 मध्ये नॉर्वेला गेलेल्यांना केवळ त्या कामगिरीसाठी कुठलाच तारा नाही.

डिफेन्स मेडल: ब्रिटनमध्ये 8 मे 1945 पर्यंत एकूण तीन वर्षं सेवा. सगळ्यात जास्त घोळ याच पदकाचा. वॉर मेडल: 3 सप्टेंबर 1939 ते 2 सप्टेंबर 1945 दरम्यान 28 दिवस पूर्णवेळ सेवा, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला.

आता हिशेब करून पाहू. जानेवारी 1940 मध्ये भरती झालेला, नोव्हेंबर 1942 मध्ये 3 ऱ्या बटालियनबरोबर आफ्रिकेत, जुलै 1943 मध्ये सिसिलीत, डिसेंबर 1943 मध्ये ब्रिटनला परत, सप्टेंबर 1944 मध्ये आर्नेमला कैद. ब्रिटनमधली सेवा दोन वर्षं दहा महिने अधिक नऊ महिने, म्हणजे तीन वर्षांवर. त्याला 1939-45 स्टार, फर्स्ट आर्मी पट्टीसह आफ्रिका स्टार, इटली स्टार, फ्रान्स अँड जर्मनी स्टार, डिफेन्स मेडल आणि वॉर मेडल अशी सहा पदकं. याउलट 1943 मध्ये अठराव्या वर्षी भरती होऊन नॉर्मंडीत उडी मारलेल्याला तीनच: 1939-45 स्टार, फ्रान्स अँड जर्मनी स्टार, वॉर मेडल. त्याच्या संचात डिफेन्स मेडल दिसलं तर ते नंतर कुणीतरी ‘संच पूर्ण करायला’ घातलेलं असतं. तीन पदकं कमी दिसतात म्हणून त्याची लढाई कमी होती असं मुळीच नाही.

उडीसाठी, आर्नेमसाठी किंवा नॉर्मंडीच्या पहिल्या दिवसासाठी ब्रिटिश सरकारने वेगळं मोहीम-पदक कधीच काढलं नाही. अशा नावाची जी पदकं संचात दिसतात ती खाजगी स्मृतिपदकं. फ्रान्स सरकारने 2014 पासून हयात ब्रिटिश सैनिकांना दिलेला लेजिओं द’ऑनर मात्र खरा सन्मान आहे.

युद्धानंतरचं पदक, जे नाव सांगतं

सहावी एअरबोर्न डिव्हिजन 1945 च्या शरदात पॅलेस्टाइनला गेली. तिथे असलेल्यांना जनरल सर्व्हिस मेडल ‘पॅलेस्टाइन 1945-48’ पट्टीसह मिळालं. पाचवी पॅराशूट ब्रिगेड मलाया-सिंगापूरमार्गे जावाला गेली, तिच्यासाठी ‘एस.ई. एशिया 1945-46’ पट्टी. या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल कोरलेलं असतं, आणि दल म्हणून बरेचदा ‘ए.ए.सी.’च असतं. अख्ख्या संचात एकच नाव असलेलं पदक असेल तर भिंग घेऊन आधी त्याची कड वाचावी. तो क्रमांक सेवापत्रकाशी जुळला की बाकीचा संच त्याच माणसाचा असण्याला भक्कम आधार मिळतो.

शौर्यपदकं

मिलिटरी मेडल आणि डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल हे शिपाई व सार्जंटांचे सन्मान; त्यांच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. अधिकाऱ्यांच्या मिलिटरी क्रॉसवर नाव नसतं, मागे फक्त वर्ष असतं. म्हणून मिलिटरी क्रॉस असलेला संच कागदांशिवाय स्वीकारू नये. पुरावा दोन ठिकाणी: लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रातली घोषणा, आणि नॅशनल आर्काइव्हजच्या ‘डब्ल्यू.ओ. 373’ मालिकेतली शिफारसपत्रं. शिफारसपत्रात प्रसंग, तारीख, जागा सविस्तर असतात; गॅझेटमध्ये बहुधा नाव आणि सन्मान एवढंच. गॅझेटची तारीख घटनेनंतर बऱ्याच काळाने येते. आर्नेमचे काही सन्मान कैदी सुटून आल्यावर 1945 मध्ये जाहीर झाले.

आर्नेमबाबत हे लक्षात ठेवावंच लागतं. सुमारे दहा हजार माणसं तिथे गेली आणि त्यांतली दोन हजारांच्या आसपासच र्‍हाईन ओलांडून परतली. शिफारस लिहायला अधिकारी लागतो आणि साक्षीदार लागतो. दोघेही मेलेले किंवा छावणीत. त्या लढाईत पाच व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले जॉन ग्रेबर्न आणि लायोनेल क्वेरिपेल हे पॅराशूट बटालियनचे, आणि दोघांनाही मरणोत्तर. शौर्यपदक नाही म्हणून पराक्रम नव्हता, असा निष्कर्ष आर्नेमच्या सैनिकाबद्दल तरी काढू नये.

‘मेन्शन्ड इन डिस्पॅचेस’ असेल तर वॉर मेडलच्या फितीवर काशाचं ओकचं पान असतं. सुटं पान सहज मिळतं, त्यामुळे हेही गॅझेटमध्ये शोधूनच मान्य करावं.

तो त्या दिवशी कुठे होता

सेवापत्रक बटालियनपर्यंत नेतं. रोजचा तपशील बटालियनच्या युद्ध दैनंदिनीत. ट्युनिशियासाठी मालिका डब्ल्यू.ओ. 175, 1943 च्या सिसिलीसाठी 169, 1944 नंतरच्या इटलीसाठी 170, नॉर्मंडी-आर्नेम-र्‍हाईनसाठी 171, ब्रिटनमधल्या काळासाठी 166. शिपायांची नावं त्यांत क्वचितच येतात, कंपनी आणि वेळा येतात. म्हणून कंपनी आधी कळलेली हवी. आर्नेमच्या काही दैनंदिन्या लढाईत नष्ट झाल्या आणि नंतर आठवणीतून लिहिल्या गेल्या. तिथल्या तासा-मिनिटांवर फार भार टाकू नये. ब्रिगेड आणि डिव्हिजनच्या दैनंदिन्या शेजारी ठेवून वाचल्या की फरक दिसतो.

युद्धकैद्यांसाठी डब्ल्यू.ओ. 416 मध्ये जर्मन छावण्यांची ओळखकार्डं आणि डब्ल्यू.ओ. 344 मध्ये सुटकेनंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या आहेत. या प्रश्नावल्या बऱ्याचदा सैनिकाने स्वतःच्या हाताने भरलेल्या आहेत, आणि एवढ्यासाठी तरी त्या पाहाव्यातच. कुठे पकडलं, कोणत्या छावण्या, कोणतं काम, पळण्याचा प्रयत्न, सगळं विचारलेलं असतं. मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची सूची. ओस्टरबेक आणि रानव्हिल इथल्या दफनभूमींत एअरबोर्नची मोठी संख्या आहे, आणि थडगं नसलेल्या आर्नेमच्या सैनिकांची नावं ग्रुसबेक स्मारकावर आहेत. पॅराशूट रेजिमेंटचं संग्रहालय डक्सफर्डला असून त्याचा पॅराडेटा नावाचा संग्रह ऑनलाइन मोफत पाहता येतो. तिथली माहिती कुटुंबांनी दिलेलीही असते; ती वाट दाखवते, पण सेवापत्रकाची जागा घेत नाही.

पदकं हातात घेऊन तपासणं

तारे सहा टोकांचे, पिवळसर मिश्रधातूचे, मागून कोरे. समोर मुकुट आणि राजाची मोहोर. अस्सल तारा ठशाने दाबून काढलेला असतो, त्यामुळे अक्षरं रेखीव आणि पृष्ठभाग गुळगुळीत. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. ताऱ्याच्या मागे नाव असेल तर ते खाजगीरीत्या कोरून घेतलेलं. ते खोटं असेलच असं नाही, पण पुरावाही नाही.

युद्धानंतर लष्करी सैनिकाला ही पदकं अर्ज करून मागावी लागत, आणि कित्येकांनी मागितलीच नाहीत. ज्यांनी मागितली त्यांना छोट्या पुठ्ठ्याच्या डबीतून, कोणती पदकं आहेत ते सांगणाऱ्या चिठ्ठीसह टपालाने आली. डबी आणि चिठ्ठी पदकांइतकीच मोलाची. डबीवरचा पत्ता माणूस जोडून देतो. न मागितलेली पदकं जवळचे वारस आजही संरक्षण मंत्रालयाच्या मेडल ऑफिसकडे मागू शकतात. अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो.

पदकं ओवताना शौर्यपदक आधी, मग 1939-45, आफ्रिका, इटली, फ्रान्स अँड जर्मनी, त्यानंतर डिफेन्स, वॉर मेडल, आणि शेवटी 1945 नंतरचं जनरल सर्व्हिस मेडल. हेच पदक 1936-39 च्या पॅलेस्टाइनसाठी असेल तर ते ताऱ्यांच्या आधी येतं. 1939-45 स्टारच्या फितीवर गडद निळा पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे हवा. उलटी ओवलेली फीत वारंवार दिसते. वारसांनी पदकं लावायची तर छातीच्या उजव्या बाजूला.

पॉलिश लावू नये. धातूवरचा काळसर थर निघाला की पदकाचं वय आणि कडेवरची अक्षरं दोन्ही झिजतात. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसणं पुरे. फीत जीर्ण झाली असेल तर 32 मिलिमीटर रुंदीची नवी लावावी, पण जुनी फेकू नये. ती चिठ्ठीसोबत आम्लरहित कागदात ठेवावी, कारण टाचण्यांच्या भोकांवरून पदकं मुळात कोणत्या क्रमाने आणि किती लावलेली होती हे नंतरही ताडता येतं.